‘उपाशीपोटी यावे’ : एका ओळीच्या सूचनेची चिकित्सा

काँट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायचा असला की त्याआधी आपल्या हातात एक छोटा कागद पडतो. तारीख, वेळ, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा, जुन्या फिल्म आणा, सोबत एक माणूस आणा. आणि त्यातच एक ओळ, बहुतेक वेळा ठळक अक्षरात : ‘उपाशीपोटी यावे.’ कुठे त्यापुढे चार तास लिहिलेलं असतं, कुठे सहा. कुठे सरळ ‘रात्री दहानंतर काहीही खाऊ-पिऊ नये’ असतं, मग तुमचा नंबर सकाळी आठला असो की दुपारी दोनला.

या ब्लॉगवर एरवी मी शोधनिबंधांची चिरफाड करते. आज या एका ओळीची करणार आहे. कारण दिसायला ती सूचना असली तरी आत एक दावा दडलेला आहे : ‘पोटात अन्न असताना शिरेतून काँट्रास्ट दिलं तर धोका वाढतो.’ दावा म्हटला की पुरावा मागायचा, एवढं तरी पीएचडी करताना अंगवळणी पडतंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आज शिरेतून जी काँट्रास्ट औषधं दिली जातात, त्यांच्या बाबतीत सरसकट उपाशी ठेवण्याला आधार उरलेला नाही. ज्या औषधांमुळे ही खबरदारी रास्त वाटत होती ती औषधं मागे पडली, पण ओळ कागदावर तशीच राहिली. आणि ती टिकून राहिली याचं एक मोठं कारण म्हणजे ती स्वतःचं कारणच सांगत नाही.

एक खुलासा लगेच करते. मी रसायनशास्त्रातली संशोधक आहे, डॉक्टर नाही. हा लेख वाचून कुणीही परस्पर खाऊन स्कॅनला जाऊ नये. काही तपासण्यांना उपाशी राहावंच लागतं, त्यांबद्दल पुढे लिहिलं आहे. लेखाचा उद्देश एवढाच की पुढच्या वेळी हा कागद हातात पडल्यावर तुम्हाला नेमका प्रश्न विचारता यावा.

आधी ओळ नीट वाचू

‘उपाशी’ म्हणजे काय? मराठी माणसाला हा प्रश्न विचारून बघा. आपल्याकडे उपास हा स्वतंत्र विषय आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, चहा-कॉफी सगळं चालतं आणि तरी उपास मोडत नाही. पाणीसुद्धा प्यायचं नसेल तर त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे : निर्जळी. म्हणजे भाषेने हा फरक कधीच करून ठेवलाय, स्कॅनच्या कागदाने मात्र तो पुसून टाकलाय.

मग काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात. पाणी चालेल का? नुसता चहा घेतला तर? बीपीची गोळी कशाबरोबर घ्यायची? शुगरची घ्यायची की नाही? उत्तरं माणसागणिक बदलतात. कुणी म्हणतं ‘घोटभर पाणी चालेल’, कुणी म्हणतं ‘एनबीएम म्हणजे एनबीएम’, म्हणजे तोंडाने काहीच नाही. फोनवर विचारलं तर तिसरंच उत्तर मिळतं. मग रुग्ण सगळ्यात सुरक्षित वाटणारा अर्थ काढतो : काहीच नको. चार तासांच्या सूचनेचे घरी आठ होतात आणि सेंटरवर वाट बघत बारा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘उपाशीपोटी’ हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी वापरला जातो. सकाळच्या फास्टिंग शुगरला उपाशी राहायचं, कारण खाल्लं तर मोजायची गोष्टच बदलते. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला उपाशी राहायचं, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. एफडीजी पेट स्कॅनला उपाशी राहायचं, कारण खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं आणि शरीरात सोडलेली किरणोत्सारी साखर गाठीत जायच्या ऐवजी स्नायूंकडे वळते. ऑपरेशनच्या भुलीआधी उपाशी राहायचं, कारण बेशुद्धीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

यातली पहिली तीन कारणं निकाल बरोबर यावा यासाठी आहेत, चौथं जिवाच्या सुरक्षिततेसाठी. काँट्रास्ट सीटीच्या कागदावरची ओळ यांपैकी कोणत्या कारणाने आली आहे? कागद सांगत नाही. आणि कारण सांगितलं नाही की ते कारण अजून लागू आहे का, हेही कुणी तपासत नाही.

ओळीचं माहेर

भुलीआधी उपाशी ठेवण्यामागे ठोस इतिहास आहे. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ बायकांच्या बाबतीत भुलीखाली पोटातलं अन्न किंवा आम्ल श्वासमार्गात गेलं होतं. दोघी दगावल्या, दोघींच्या श्वासमार्गात घट्ट अन्न अडकलं होतं. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडते, त्यामुळे हा धोका खरा आहे. ‘ऑपरेशनआधी तोंडाने काही नाही’ ही शिस्त पुढे जगभर इतकी पक्की बसली त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा आहे.

काँट्रास्ट सीटीचा रुग्ण मात्र जागा असतो. त्याच्याशी बोलता येतं. ‘श्वास रोखून धरा’ म्हटलं की तो रोखतो. मळमळलं तर सांगतो, मान वळवतो, खोकतो. भुलीतला धोका त्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

मग उपाशी का ठेवायचे? कारण जुन्या काँट्रास्टने खरोखरच उलट्या व्हायच्या. दुसरं एक कारण आज जवळपास विसरलं गेलंय. मूत्रपिंडाच्या जुन्या एक्स-रे तपासणीत, म्हणजे आयव्हीपीमध्ये, रुग्णाचं पाणीही तोडायचे. पाणी कमी म्हणजे लघवी दाट, लघवी दाट म्हणजे त्यात उतरणारं काँट्रास्ट दाट, आणि चित्र ठळक. पुढे लक्षात आलं की कोरड्या पडलेल्या शरीरात काँट्रास्ट सोडणं मूत्रपिंडांना, विशेषतः मधुमेही रुग्णांच्या, घातक ठरू शकतं, आणि ती पद्धत सोडून दिली गेली. आज तर मूत्रपिंडांना जपायचं असेल तर शरीरात पुरेसं पाणी हवं, असंच सांगतात. ‘पाणीसुद्धा नको’ हे त्याच्या बरोबर उलट आहे.

रेणू बदलला

आता माझ्या आवडीचा भाग. आपण ज्याला ‘डाय’ म्हणतो त्याला रंग वगैरे काही नसतो, पाण्यासारखं स्वच्छ औषध असतं ते. मुख्य काम करतं त्यातलं आयोडिन. त्याचा अणू जड, त्यामुळे तो क्ष-किरण चांगले अडवतो आणि रक्तवाहिन्या चित्रात पांढऱ्या उठून दिसतात. नुसतं आयोडिन शिरेत सोडता येत नाही, म्हणून बेंझिनच्या एका कड्यावर आयोडिनचे तीन अणू घट्ट बसवतात.

जुनी औषधं क्षारांच्या रूपात होती. मीठ पाण्यात टाकल्यावर सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, तसंच या क्षाराचे पाण्यात दोन कण व्हायचे. त्यातल्या एका कणावर तीन आयोडिन, दुसरा नुसताच जोडीला. म्हणजे निम्मी गर्दी बिनकामाची. द्रावणातल्या कणांची अशी गर्दी मोजायचं माप म्हणजे ऑस्मोलॅलिटी. रक्ताची साधारण २९० असते. या जुन्या औषधांची १५०० ते २००० च्या घरात जायची. इतकं दाट द्रावण शिरेत गेलं की ते आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. अंगभर गरम लाट, वेदना, मळमळ, उलटी हे नेहमीचंच होतं.

टॉर्स्टेन आल्मेन या स्वीडिश रेडिओलॉजिस्टला ही वेदना खटकली. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. लहानपणी बाल्टिक समुद्रात डोळे उघडे ठेवून पोहलं तरी त्रास व्हायचा नाही, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात मात्र डोळे चुरचुरायचे. बाल्टिकचं पाणी कमी खारं. तर मग त्रास कणांच्या गर्दीचा आहे, आणि गर्दी कमी करता आली तर त्रासही कमी होईल, असा त्याचा तर्क. १९६९ मध्ये त्याने ही कल्पना सैद्धांतिक जीवशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडली : आयोडिन तेवढंच ठेवा, पण पाण्यात ज्याचे दोन तुकडे होणार नाहीत असा रेणू बनवा.

नॉर्वेतल्या नायगार्ड कंपनीने हे काम हातात घेतलं. १९७० च्या दशकात पहिलं नॉन-आयोनिक औषध आलं, १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल. आज काँट्रास्टच्या बाटल्यांवर आयोहेक्सॉल, आयोपॅमिडॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल ही नावं दिसतात, ती सगळी याच कुळातली. यांची ऑस्मोलॅलिटी जुन्यांच्या निम्मी किंवा त्याहून कमी. आयोडिक्सॅनॉलची तर जवळपास रक्ताइतकीच. सुरुवातीला ही औषधं फार महाग होती, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती आधी जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी राखून ठेवली जायची. हळूहळू ती सर्रास झाली.

आकडे काय म्हणतात

रेणू बदलल्याने खरंच फरक पडला का? १९९० मध्ये जपानमधला एक मोठा अभ्यास ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काँट्रास्ट दिलेली ३,३७,६४७ प्रकरणं, त्यांपैकी साधारण निम्म्यांना जुनं आयोनिक औषध आणि निम्म्यांना नवं नॉन-आयोनिक. एकूण प्रतिकूल प्रतिक्रिया आयोनिक गटात १२.६६ टक्के, नॉन-आयोनिक गटात ३.१३ टक्के. गंभीर प्रतिक्रिया ०.२२ वरून ०.०४ टक्क्यांवर. आपल्या विषयाचा आकडा म्हणजे उलटी : १.८४ वरून ०.४५ टक्के. हजारात अठरा जणांना व्हायची, ती चार-पाच जणांना होऊ लागली.

हा अभ्यास औषधांची तुलना करतो, उपाशी आणि जेवलेल्यांची नाही. तरी त्यातून एक गोष्ट हाती लागते. मळमळ कमी करायची होती, तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग औषध बदलण्याचा झाला. आणि ते पटण्यासारखं आहे. काँट्रास्ट पोटात जात नाही, शिरेत जातं. उलटीचा हुकूम मेंदूकडून सुटतो. पोट रिकामं असलं तरी तो सुटायचा थांबत नाही, फक्त बाहेर काय पडतं एवढंच बदलतं. शिवाय उपाशी पोट पूर्ण रिकामंही नसतं. जठररस स्रवत असतो, लाळ गिळली जात असते.

उपासाचा थेट प्रश्न पुढच्या काळात विचारला गेला. २०१२ मध्ये ‘रेडिओलॉजी’मध्येच एक आढावा आला. त्यात दिसलं की उपाशी ठेवण्याच्या वेळांबाबत ठिकठिकाणच्या सूचनांमध्ये एकवाक्यताच नाही. माझ्यासाठी हा मोठा इशारा आहे. खरा शास्त्रीय आधार असता, तर एकाच औषधासाठी एकीकडे अमुक तास आणि दुसरीकडे तमुक तास असं झालं नसतं. नंतर २०१८ च्या सुमारास कोरिया, चीन, ब्राझील इथून मोठ्या रुग्णसंख्येचे अभ्यास आले. २०२० मध्ये जपानमधल्या एका गटाने, उपाशी राहण्याची सूचनाच बंद केल्यावर काय होतं, ते आधी आणि नंतरची तुलना करून पाहिलं. सूर साधारण एकच आहे : नॉन-आयोनिक काँट्रास्टआधी उपाशी ठेवल्याने फायदा होतो असं दिसत नाही.

आता या अभ्यासांकडेही तिरक्या नजरेने बघायला हवं, नाहीतर मी आणि तो कागद यांत फरक काय राहिला?

पहिली शंका : हे बरेचसे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. कोण जेवून आला आणि कोण उपाशी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला आधीपासूनच मळमळत असेल तर तो जेवलेलाच नसेल. मग उपाशी गटात मळमळ जास्त दिसेल आणि दोष उपासाच्या माथी जाईल. म्हणून ‘उपाशी राहिल्याने मळमळ वाढते’ असं ठासून सांगणाऱ्या बातम्या मी बाजूला ठेवते. ‘फायदा दिसत नाही’ एवढंच म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

दुसरी शंका : सूचना बंद केली म्हणजे लोक जेवून आले असं नाही. काही जण सवयीने उपाशीच आले असतील. पण इथे माझं मत वेगळं आहे. आपला प्रश्न सूचनेबद्दलचाच आहे ना? ती ओळ काढून टाकली तर काय होईल, याचं उत्तर असाच अभ्यास देतो.

तिसरी शंका सगळ्यात महत्त्वाची : जी घटना अतिशय दुर्मीळ आहे ती ‘घडली नाही’ यावरून किती निष्कर्ष काढायचा? संख्याशास्त्रात यासाठी ‘तीनचा नियम’ नावाची सोपी युक्ती आहे. समजा ३,००० जणांना जेवलेल्या पोटी काँट्रास्ट दिलं आणि एकाच्याही फुप्फुसात उलटी गेली नाही. तर धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही. ३ भागिले ३,०००, म्हणजे धोका फार तर हजारात एक असेल, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. लाख जणांत एकही घटना नसेल, तर लाखात तीन. म्हणून छोट्या अभ्यासांवर समाधान मानू नये, मोठे अभ्यास हवेत. सुदैवाने आता ते आहेत. चीनमधल्या अभ्यासात लाखाहून जास्त रुग्ण होते.

मार्गदर्शक तत्त्वंही बदलली आहेत. युरोपियन सोसायटी ऑफ युरोजेनिटल रेडिओलॉजीच्या २०१८ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की कमी ऑस्मोलॅलिटीच्या नॉन-आयोनिक काँट्रास्टआधी, तसंच एमआरआयच्या गॅडोलिनियम काँट्रास्टआधी, उपाशी राहण्याची शिफारस केली जात नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या पुस्तिकेचाही सूर तोच आहे.

आणि गंमत बघा. ज्या भूलशास्त्रात ही शिस्त रुजली, तिथेही पाणी कधीच सैल झालंय. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमांनुसार, पोट रिकामं होण्याचा वेग ज्यांचा मंदावलेला नाही अशा रुग्णांना नियोजित शस्त्रक्रियेच्या भुलीआधी दोन तासांपर्यंत स्वच्छ पाणी चालतं. म्हणजे पूर्ण भूल घेणाऱ्याला सकाळी सहाला पाणी मिळू शकतं आणि टक्क जाग्या असलेल्या सीटीच्या रुग्णाला रात्री दहापासून नाही.

उपासाची किंमत कोण भरतं

कुणी म्हणेल, असेना का आधार कमी. चार तास न खाल्ल्याने काय बिघडतं? धडधाकट माणसाचं काहीच नाही. पण काँट्रास्ट सीटी धडधाकट माणसाला सांगतात कुठे? सांगतात ते म्हाताऱ्यांना, कॅन्सरच्या रुग्णांना, आधीच वजन उतरलेल्यांना. आणि आपल्याकडे त्यात मधुमेही भरपूर.

गेल्या वर्षी माझ्या आत्याचा स्कॅन होता. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने शहरात यायचं, अकराची वेळ. कागदावर ‘रात्री दहानंतर काही नाही’. जेवण झालेलं साडेआठला. सकाळी तिने नेहमीसारखी ग्लिमेपिराइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली, कारण गोळीबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं. मध्ये एक अपघाताची केस आली, मग अजून एक. एकच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. सिस्टरने शुगर बघितली तर साठच्या खाली. ग्लुकोज दिलं, तासाभराने स्कॅन झाला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “अगं, चतुर्थीला निदान खिचडी तरी असते.”

एका आत्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण यामागची क्रिया पाठ्यपुस्तकातली आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेतली आणि खाल्लं नाही की साखर खाली येणारच. आणि मध्ये आलेल्या त्या अपघाताच्या केसकडे लक्ष द्या. अपघात, पक्षाघात अशा रुग्णांना काँट्रास्ट देताना ‘चार तास थांबा’ कुणी म्हणत नाही. जेवले असतील तर जेवले. म्हणजे भरल्या पोटी काँट्रास्ट देणं हे त्याच मशीनवर एरवीही घडत असतं.

आता मला वाटतं ते खरं कारण. भरल्या पोटी आलेल्या रुग्णाने मशीनवर उलटी केली तर ती सेंटरला दिसते. टेबल पुसावं लागतं, पुढचे नंबर खोळंबतात, टेक्निशियनला ते वर्षभर आठवतं. उपाशी रुग्णाला एसटीत चक्कर आली, घरी जाऊन डोकं धरून बसावं लागलं, पाणी कमी पडून लघवी कमी झाली, तर ते सेंटरच्या कुठल्याच वहीत येत नाही. एका बाजूचा त्रास मोजला जातो, दुसऱ्या बाजूचा मोजलाच जात नाही. अशा तराजूत उपासच नेहमी सुरक्षित वाटणार. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे.

दुसरी बाजू

सेंटरच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत, आणि ते टाळून लिहिणं बरोबर नाही.

लहान मुलांना किंवा खूप घाबरणाऱ्या रुग्णांना झोपेचं औषध देऊन स्कॅन करायचा असेल, तर भुलीचे नियम लागू होतात. तिथे उपास हवाच. पोटाच्या काही तपासण्यांत जठर, आतडी किंवा पित्ताशय ठरावीक स्थितीत दिसायला हवं असतं, कधी तोंडाने वेगळं द्रावण पाजायचं असतं. तिथे जेवून येणं अडचणीचं ठरू शकतं. हृदयाच्या धमन्यांच्या सीटीआधी चहा-कॉफी टाळायला सांगतात, कारण ठोके संथ हवे असतात. पेट-सीटीला उपास लागतोच, पाणी मात्र चालतं.

दुसरा मुद्दा व्यवस्थेचा. काउंटरवरच्या माणसाकडे प्रत्येक तपासणीची वेगळी सूचना समजावून सांगायला वेळ नसतो. सोनोग्राफी, सीटी, पेट सगळ्यांना एकच कागद दिला की चूक होण्याची शक्यता कमी. हे मला समजतं. पण मग ही गैरसोय नेमकी कुणाकडून कुणाकडे सरकवली, तेही मान्य करायला हवं.

तिसरा मुद्दा : काँट्रास्टची गंभीर ॲलर्जी झाली आणि श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर भरलं पोट त्रासदायक. खरं आहे. पण वरच्या आकड्यांत गंभीर प्रतिक्रिया ०.०४ टक्के आहेत, आणि त्यांतही नळीपर्यंत वेळ येणारे थोडे. एवढ्यासाठी बाकी सगळ्यांना, मधुमेहींसकट, बारा-बारा तास उपाशी ठेवायचं का, हा हिशेब उघडपणे मांडून ठरवावा. गृहीत धरून नको.

कागदावर काय हवं

माझी मागणी मोठी नाही. ‘उपाशीपोटी यावे’ या ओळीच्या जागी चार गोष्टी लिहाव्यात. या तपासणीसाठी उपाशी राहायचं की नाही, आणि असल्यास का. अन्न किती तास आधी बंद, आणि पाणी किती तास आधी, दोन्ही वेगवेगळं. रोजच्या गोळ्यांचं, विशेषतः शुगर आणि बीपीच्या, काय करायचं. आणि तास मोजायचे ते नंबरच्या वेळेपासून मागे, रात्री दहापासून पुढे नाही. मधुमेही रुग्णांना सकाळचे पहिले नंबर दिले तर आणखी बरं.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता? नंबर घेतानाच विचारा : काँट्रास्ट शिरेतून देणार की तोंडाने, की दोन्ही? झोपेचं औषध देणार का? मला पाणी चालेल का? मधुमेह असेल तर तो आधीच सांगा, आणि कोणती गोळी कधी घ्यायची, मेटफॉर्मिन थांबवायची का, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तोही सांगा. उत्तर ‘उपाशीच या’ असं आलं तर ते पाळा, पण कारण विचारा. ‘पोटाचा स्कॅन आहे, जठर रिकामं दिसायला हवं’ हे कारण आहे. ‘सगळ्यांना तसंच सांगतो’ हे कारण नाही.

एक रेणू बदलायला रसायनशास्त्रज्ञांची वीसेक वर्षं गेली, आणि त्यातून हजारातल्या तेरा-चौदा जणांची उलटी वाचली. कागदावरची एक ओळ बदलायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या छपाईच्या वेळी ती कुणीतरी वाचली तरी पुरे.